वाचकांचे प्रश्न : इंटरनेट पुन्हा पहिल्यापासून आखायचे झाले तर?

प्रश्न : माझी पुतणी परदेशात ‘भविष्यातील इंटरनेटची रचना’ या विषयात पीएच.डी. करते. तिच्या बोलण्यात ‘नेम्ड डेटा नेटवर्किंग’ हा शब्द वारंवार येतो. इंटरनेट तर उत्तम चालले आहे. मग ते नव्याने आखावे असे त्यात काय बिघडले आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : बिघाड म्हणावा असे फारसे काही नाही, पण आज या जाळ्याकडून जे काम करून घेतले जाते, ते मूळ आखणीच्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी ही यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा त्यावर काही शे यंत्रे होती, ती एका जागी बसलेली असत, आणि इथे बसून दूरच्या यंत्रावर काम करता यावे एवढीच मुख्य अपेक्षा होती. त्यामुळे माहितीच्या प्रत्येक पॅकेटावर, म्हणजे लहान तुकड्यावर, पाठवणाऱ्या यंत्राचा आणि घेणाऱ्या यंत्राचा असे दोन पत्ते असतात. आत काय आहे आणि ते खरे आहे का, याच्याशी जाळ्याला कर्तव्य नसते.

आता एखाद्या वसाहतीत शंभर घरांत एकच क्रिकेटचा सामना पाहिला जात आहे असे समजा. प्रत्येक फोन चित्राचे तेच तुकडे सर्व्हरकडून स्वतंत्रपणे मागवतो, कारण वाटेतल्या राउटरला (पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्राला) ‘अमुक पत्त्यावर पोहोचव’ एवढेच कळते. शेजारच्या बिऱ्हाडात साखर असताना प्रत्येकाने वाटीभर साखरेसाठी कारखाना गाठावा, तसा हा प्रकार आहे. मोठ्या कंपन्या गावोगावी प्रतींचे साठे उभारून यातून वाट काढतात खऱ्या, परंतु ती सोय जाळ्याच्या रचनेत नसून वरून विकत घेऊन जोडलेली आहे, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्यालाच ती परवडते.

आपल्या पुतणीचा विषय इथून सुरू होतो. नेम्ड डेटा नेटवर्किंगमध्ये पत्ता यंत्राचा नसतो, नाव माहितीचे असते. ग्राहक त्या नावाने मागणी सोडतो. वाटेतल्या राउटरजवळ प्रत असेल तर तो तीच देतो. नसेल तर मागणी कोणत्या बाजूने आली याची नोंद करून ती पुढे पाठवतो, आणि उत्तर आले की नोंदींचा माग काढत ते परत येते. एकाच नावाच्या दहा मागण्या आल्या तरी पुढे एकच जाते. प्रत कोणाच्याही हातून आलेली असू शकते, म्हणून मूळ निर्मात्याची डिजिटल सही माहितीलाच जोडलेली असते.

ही कल्पना अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी २००६च्या सुमारास जोरकसपणे मांडली. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला माहितीचा वेग जाळ्यावरच्या कोंडीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्या कोंडीवर १९८८ साली उपाय शोधून ज्यांनी इंटरनेट सावरले, त्यांतले हे प्रमुख. जुन्या रचनेची डागडुजी ज्याने स्वतःच्या हाताने केली, त्यानेच ती मुळापासून बदलावी म्हणावे, याला माझ्या मते वजन आहे.

प्रश्न : अशा कामात देशोदेशीची विद्यापीठे एकत्र येतात असे वाचले. ती खरोखर मिळून काम करतात, की अनुदानासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात? (निवृत्त प्राध्यापिका, नाशिक)

उत्तर : दोन्ही, आणि या क्षेत्रात ते मुद्दाम तसे घडवले गेले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने आधी अनेक लहान प्रकल्पांना पैसे देऊन कल्पना मोकळ्या सोडल्या आणि २०१० साली चार मोठे संघ निवडले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिक्सिया झांग यांच्या नेतृत्वाखाली नेम्ड डेटा नेटवर्किंग. रटगर्स विद्यापीठात ‘मोबिलिटीफर्स्ट’, ज्यात फिरती यंत्रे हाच नियम आणि स्थिर यंत्रे हा अपवाद मानला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्लाउड डेटा सेंटरांना केंद्रस्थानी ठेवणारा ‘नेब्युला’. आणि कार्नेगी मेलनमध्ये ‘एक्सआयए’, ज्यात पॅकेट यंत्राचा, सेवेचा किंवा मजकुराचा असा कोणताही पत्ता बाळगू शकते आणि एक न कळल्यास राउटर दुसऱ्याचा आधार घेतो. प्रत्येक संघात अनेक विद्यापीठे होती, आणि चारही संघांनी वेळोवेळी एकत्र बसून आपापल्या रचना परस्परांपुढे तपासायला ठेवाव्यात अशी व्यवस्था होती.

याच कार्यक्रमाला माहिती-नीतीच्या अभ्यासक हेलन निसनबाम यांच्या पुढाकाराने मूल्यविचार करणारी एक परिषद जोडलेली होती. कायदा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान या विषयांतली माणसे तिच्यात अभियंत्यांना प्रश्न विचारत. नावाने मागणी करायची तर काय मागितले जात आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला दिसणार, हा आक्षेप निव्वळ वेग मोजणाऱ्याला सहजी सुचत नाही. एमआयटीचे डेव्हिड क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००२ सालीच लिहिले होते की जाळ्यावर सरकार, कंपन्या आणि वापरणारे यांची रस्सीखेच चालतच राहणार, तेव्हा रचनेने आधीच निकाल न लावता त्या रस्सीखेचीला जागा ठेवावी. तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांत अशी परिषद बहुधा शोभेपुरती असते. इथे तिला आरंभापासून बसवले, हे मला महत्त्वाचे वाटते.

नुसत्या कागदावर रचना पटत नाही, म्हणून प्रयोगासाठी सामाईक जाळी उभारली गेली. अमेरिकेत ‘जेनी’ या जाळ्याची यंत्रे अनेक विद्यापीठांत बसवलेली होती आणि संशोधकाला त्यातला स्वतंत्र तुकडा प्रयोगापुरता मिळे. युरोपात ‘फायर’ हा अशाच प्रयोगजाळ्यांचा, तर जपानमध्ये ‘अकारी’ हा नवी रचना आखण्याचा प्रयत्न त्याच काळातला.

प्रश्न : पंधरा वर्षे झाली, माझ्या फोनमध्ये तर जुनेच इंटरनेट आहे. हा सगळा खर्च पाण्यात गेला म्हणायचा का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : यांपैकी एकाही संघाची रचना जुन्या इंटरनेटच्या जागी आली नाही, हे मान्य करावे लागेल. नावांवरून मार्ग शोधायचा तर संख्येचाच डोंगर उभा राहतो : आज जगातल्या प्रमुख राउटरांना आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांचे सुमारे १० लाख गट लक्षात ठेवावे लागतात, आणि माहितीच्या नावांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. शिवाय जुने मोडून नवे बसवण्याची आज्ञा देणारा १९८३ प्रमाणे आता कोणी एक राहिलेला नाही. निव्वळ पत्ते अपुरे पडतात म्हणून आखलेल्या आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचे मानक १९९८ साली निघाले. जगभरात त्याचा वापर अजून निम्म्याच्या आसपासच घुटमळतो आहे. (भारतात तो बराच अधिक आहे, कारण आपल्याकडची मोठी मोबाइल जाळी उशिरा उभी राहिली आणि जुने पत्ते तोवर संपत आले होते.)

मात्र ज्यांनी जुन्या घरातच एक खोली मागितली, त्यांना ती मिळाली. स्टॅनफर्डच्या ‘क्लीन स्लेट’ उपक्रमातून २००८ साली ओपनफ्लो पुढे आले. राउटरची विचार करणारी बाजू त्याच्या पेटीतून काढून वेगळ्या सॉफ्टवेअरकडे सोपवायची, हे त्याचे सूत्र. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या जाळ्यात ते वापरले.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. २००८च्या फेब्रुवारीत पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने देशापुरता यूट्यूब बंद करताना चुकीची मार्गसूचना बाहेर सोडली आणि जगभरातून यूट्यूब सुमारे दोन तास गायब झाले, कारण मार्ग सांगणाऱ्यावर शेजाऱ्याने विश्वास ठेवायचा अशीच मूळ रीत आहे. एड्रियन पेरिग यांनी २००९ साली कार्नेगी मेलनमध्ये सुरू केलेली ‘सायन’ ही रचना नेमका हाच दोष धरते : मार्गांवर सह्या असतात आणि पाठवणारा आपला मार्ग स्वतः निवडतो. पुढे झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात तिचे काम वाढले, आणि २०२१ साली स्विस नॅशनल बँक व सिक्स या वित्तीय सेवा देणाऱ्या संस्थेने बँकांमधील व्यवहारांसाठी तिच्यावर आधारलेले जाळे सुरू केले. बारा वर्षे लागली, पण खरा पैसा त्यावरून धावतो आहे.

प्रश्न : मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी न जाता यात काही करता येईल का?

उत्तर : होय. नेम्ड डेटा नेटवर्किंगचा सर्व कोड खुला आहे. ‘मिनी-एनडीएन’ हे साधन लॅपटॉपवर अनेक राउटरांचे छोटे जाळे उभे करते, तर ‘एनडीएनसिम’ने मोठ्या जाळ्यांचे अनुकरण करता येते. इंटरनेटवर दूरगामी संशोधन करणाऱ्या ‘इंटरनेट रिसर्च टास्क फोर्स’च्या गटांच्या चर्चा आणि मसुदे कोणालाही विनामूल्य वाचता येतात, त्यांत लिहिताही येते, आणि कोणी कॉलेजचे नाव विचारत नाही. सुरुवात म्हणून पाच राउटर मांडा, मधली एक जोडणी तोडा, आणि तीच फाइल दोन ठिकाणांहून मागवून दुसरी मागणी कोठवर जाते ते नोंदवून पाहा.