उतारावरचं घर : आधी पाण्याची वाट, मग घराची जागा

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायकोनं घरासाठी उताराची जागा घेतली आहे. वर रस्ता, खाली बारमाही ओढा, मधे जुनी मोठी झाडं. रस्त्यापासून ओढ्याकडे ३० मीटर जाईपर्यंत जमीन ९ मीटर उतरते. ठेकेदार म्हणतो, मधोमध जेसीबी लावून १२ मीटर रुंदीची सपाटी करू, निघालेली माती खालच्या अंगाला टाकू आणि ४ मीटर उंच भिंत घालू. सगळे असंच करतात. आम्हाला ओढा आणि झाडं जपायची आहेत, पण घरही भक्कम हवं. काय करावं?

उत्तर : ठेकेदाराला तूर्त थांबवा. उतारावर कापलेली माती पुन्हा होती तशी बसवता येत नाही, त्यामुळे जेसीबी येण्याआधीचे दिवसच तुमच्या हातात आहेत.

तुमचा उतार ३० टक्के, म्हणजे साधारण १७ अंशांचा. १२ मीटर रुंदीत जमीन ३.६ मीटर उतरते. निम्मं कापून निम्मं भरलं, तर सपाटीच्या खालच्या कडेला १.८ मीटर भराव येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा भराव मोकळा सोडायचा तर त्याला दोनास एक (दोन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर उतरणारा) असा ढाळ द्यावा लागतो, आणि खालची जमीनही उतरतच असते. कागदावर मांडून पाहा : भरावाचं शेपूट कडेपासून आणखी ९ मीटर खाली जातं. मधली झाडं त्यात गाडली जातात आणि सैल माती थेट ओढ्याच्या काठाशी येते. ते टाळायला ठेकेदाराला भिंत हवी आहे, आणि तिथूनच खर्च आणि धोका दोन्ही वाढत जातात.

भिंत २ मीटरची ४ मीटर केली की तिच्यावरचा मातीचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. तिला उलथवू पाहणारा जोर आठपट. हे कोरड्या मातीचं झालं. मागे पाणी तुंबलं तर एकूण दाब कोरड्या मातीच्या दुपटीहून जास्त होतो. म्हणून भिंतीत नुसती वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं) ठेवून भागत नाही. त्यांच्यामागे खडीचा उभा थर, माती आणि खडी यांच्यामध्ये गाळणीचं कापड आणि तळाशी पाणी बाहेर नेणारा सच्छिद्र पाइप लागतो. यातलं काही दिसत नसल्यामुळे कामात नेमकं हेच गाळलं जातं. भिंत घातलीच, तर मागचा भराव टाकायच्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहा.

पाण्यावर मी इतका भर देते त्यामागे मृदा-यांत्रिकीतली, म्हणजे मातीच्या ताकदीच्या शास्त्रातली अगदी मूळ गोष्ट आहे. अभियंते कार्ल टेर्झागी यांनी ती १९२०च्या दशकात मांडली. मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात म्हणून माती उतारावर टिकते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड कमी होते. मातीचं वजन तेवढंच, किंबहुना जास्त. धरून ठेवणारी ताकद मात्र कमी. ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो गावात ३० जुलै १९९७च्या रात्री रस्त्याचा भराव घसरला आणि खालच्या इमारतींमधली १८ माणसं गेली. पाण्याची नळवाहिनी गळून तो भराव भिजला होता, असं चौकशीत निघालं. म्हणून मी उताराच्या जागेवर भराव आणि नळ या दोन गोष्टी सर्वांत आधी विचारते.

आता काय करायचं ते. जोराचा पाऊस पडत असताना जागेवर जा. पाणी रस्त्यावरून तुमच्या जागेत कुठे शिरतं, कुठे एकवटतं, पाऊस थांबल्यानंतरही कुठे झिरपत राहतं, ते नकाशावर खुणा करून घ्या. झाडांची खोडं पाहा. बुंधा उताराच्या दिशेनं झुकून मग वर वळलेला असेल, आणि एक-दोन नव्हे तर बरीच झाडं तशी असतील, तर वरची माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता आहे. जमिनीला कमानीसारख्या भेगा, तिरके झालेले खांब, मधेच फुगीर झालेली जमीन, कोरड्या दिवसांतही हिरवागार राहणारा एखादाच पट्टा, या सगळ्याची नोंद करा. ही वही आणि दर अर्ध्या मीटर उंचीला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढलेला नकाशा घेऊन जिओटेक्निकल इंजिनियरकडे, म्हणजे जमिनीची आणि पायाची तपासणी करणाऱ्या इंजिनियरकडे जा. घराच्या नकाशाआधी त्यांची फी द्या. खड्डे आणि बोअर घेऊन ते सांगतील की पक्का थर किती खोल आहे आणि पाणी कुठे लागतं. जागा सरकते आहे असं त्यांनी सांगितलं, तर तिथे घर बांधू नका. पैसे गुंतले आहेत हे मला समजतं, तरीही हेच सांगेन.

जागा स्थिर निघाली, तर घर रस्त्याच्या बाजूला सरकवा आणि लांब बाजू समोच्च रेषेला समांतर ठेवा. उताराच्या दिशेनं १२ऐवजी ६ मीटर रुंदीचं घर घेतलं की जमिनीतला फरक १.८ मीटरवर येतो. तो अर्ध्या मजल्याच्या पायरीत बसतो : वरच्या पातळीवर स्वयंपाकघर आणि बैठक, सात-आठ पायऱ्या उतरून झोपायच्या खोल्या. वरचा भाग जमिनीवर, खालचा कॉलमवर. भराव जवळपास शून्य, उंच भिंत नाही, आणि कॉलममधून पाणी आपल्या वाटेनं ओढ्याकडे जातं. गाडी रस्त्याच्या पातळीलाच लावा. उतारावर गाडीरस्ता कापणं हे पुष्कळदा घरापेक्षा मोठं खोदकाम ठरतं.

यात एक गोष्ट स्ट्रक्चरल इंजिनियरला मुद्दाम विचारा. उतारावर कॉलमची उंची सारखी नसते. एकाच मापाच्या दोन कॉलमपैकी एक निम्म्या उंचीचा असेल, तर तो आठपट ताठ असतो. भूकंपात बहुतेक जोर तोच ओढून घेतो आणि आधी तोच फुटतो. म्हणून वरच्या बाजूच्या आखूड कॉलमचं डिझाइन वेगळं करावं लागतं आणि फुटिंग (कॉलमचे पाये) एकमेकांना बीमनं बांधावी लागतात. ‘खालचे उंच कॉलम जाड करतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरा इंजिनियर शोधा.

ओढ्याचं सर्वांत जास्त नुकसान घर बांधून झाल्यावर होत नाही, बांधताना होतं. उघडी माती एका पावसात वाहून जाते आणि तळातल्या दगडांच्या फटी गाळानं बुजतात. त्या फटींत किडे, माशांची अंडी, सगळी जिवंत वस्ती असते. खोदकाम कोरड्या दिवसांत उरका, उघडा उतार त्याच दिवशी गवताच्या पेंढ्यांनी झाका, काठाच्या बरंच वर गाळ अडवणारं कापड रोवून लावा. काठापासून नियमानं किती अंतर सोडायचं ते तुमच्या स्थानिक कार्यालयात लेखी विचारा, आणि जमेल तर त्याहून जास्त सोडा.

प्रश्न : घराच्या खालच्या बाजूची चार मोठी झाडं दृश्य अडवतात. तोडली तर चालतील? मुळं जमिनीतच ठेवू.

उत्तर : नका तोडू. मुळं जमिनीत राहिली तरी मेलेली मुळं कुजत जातात आणि काही वर्षांत त्यांची पकड जाते. नव्या झाडांची मुळं तोवर तयार झालेली नसतात. म्हणजे झाड तोडल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून निर्धास्त व्हावं, आणि नेमका त्यानंतर उतार सर्वांत कमजोर व्हावा, असं घडतं. जाणकाराकडून खालच्या फांद्या विरळ करून घ्या. खोडांमधून दिसणारं दृश्य मला तरी जास्त आवडतं. बांधकामाच्या वेळी कुंपण खोडाभोवती घालू नका, फांद्यांच्या घेराबाहेर घाला. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक मीटरमध्येच पसरलेली असतात. त्यांच्यावर वाळूचा ढीग पडला किंवा ट्रक फिरला की झाड आतून गुदमरतं आणि ते कळेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात.

प्रश्न : छताचं पाणी शोषखड्ड्यात मुरवलं तर पर्यावरणाला चांगलंच ना?

उत्तर : सपाट जागेवर हो. तुमच्याकडे नाही. १५० चौरस मीटरच्या छतावर ४० मिलिमीटर पाऊस पडला की ६,००० लिटर पाणी होतं. ते उताराच्या कडेला एका खड्ड्यात ओतणं म्हणजे आपणच मातीतला पाण्याचा दाब वाढवणं. टाकीत साठवा, वापरा, आणि जादा पाणी बंद पाइपनं खाली नेऊन दगडांच्या पिचिंगवर (रचलेल्या दगडांच्या थरावर) सोडा, म्हणजे काठ खणला जाणार नाही.

सेप्टिक टँकचंही तेच. कॅलिफोर्नियात पोर्तुगीज बेंड इथे १९५६ साली जुनी दरड पुन्हा सरकू लागली आणि शंभराहून अधिक घरं गेली. रस्त्याच्या भरावाबरोबर घरांच्या सांडपाण्याचा पाझरही तिथे कारणांमध्ये धरला जातो. सार्वजनिक ड्रेनेज मिळत असेल, तर वर पंप करावं लागलं तरी तेच घ्या. पाइपना लवचीक सांधे द्या, ते पुरून टाकण्याऐवजी दिसतील असे ठेवा, आणि दर पावसाळ्याआधी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा हलतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते पाहा.