प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर लॅपटॉपवर ‘पेअर्ड’ दिसतो, पण जोडला जात नाही, काय करावे?

तुम्ही लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे उत्तरही बऱ्यापैकी नेमके देता येते. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर ब्लूटूथने विनातक्रार चालणारा ड्युअलशॉक ४ (प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरचे हेच नाव) तुमच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे नेला, तिथल्या प्लेस्टेशन ४ ला लावून तो खेळला, आणि घरी परतल्यापासून पीएस बटण दाबले की पांढरा दिवा थोडा वेळ लुकलुकून विझतो. लॅपटॉप मात्र त्याच कंट्रोलरच्या नावाखाली ‘पेअर्ड’ असे दाखवत राहतो. दुकानदाराने ‘बोर्ड गेला’ असे सांगून नवीन घेण्याचा सल्ला दिला आहे. माझा सल्ला असा की तूर्त नवीन घेऊ नका आणि हा कंट्रोलर उघडायलाही देऊ नका. या लक्षणांवरून तो बिघडलेला दिसत नाही. तो अजूनही मामाच्या प्लेस्टेशनलाच शोधत असावा.

असे का होते, हे आधी समजून घेतले तर पुढच्या कृती चुकत नाहीत. ब्लूटूथची जोडणी दोन्ही बाजूंना लक्षात ठेवावी लागते. पेअरिंगच्या वेळी लॅपटॉप आणि कंट्रोलर एकमेकांचा पत्ता आणि दोघांनाच ठाऊक असलेली एक सांकेतिक किल्ली आपापल्याकडे साठवतात. लॅपटॉप अशा कितीतरी उपकरणांच्या नोंदी ठेवू शकतो, ड्युअलशॉक ४ मात्र एकाच यजमान यंत्राचा पत्ता बाळगतो, तोही सर्वांत शेवटी जोडलेल्या यंत्राचा. मामाकडे केबल लावून पीएस बटण दाबले गेले, त्या क्षणी प्लेस्टेशनचा पत्ता कंट्रोलरमध्ये लिहिला गेला आणि तुमच्या लॅपटॉपचा पुसला गेला. लॅपटॉपला याची खबर मिळण्याचा काही मार्गच नाही. म्हणून तो जे ‘पेअर्ड’ दाखवतो, त्याचा अर्थ ‘माझ्याकडची नोंद शाबूत आहे’ एवढाच घ्यायचा. समोरच्या बाजूला ती नोंद उरली आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एकदा पेअरिंग झाल्यावर रोजच्या वापरात हाक मारतो तो कंट्रोलर, लॅपटॉप नव्हे. लॅपटॉप नुसता वाट पाहत असतो. त्यामुळे तुमच्या घरी पीएस बटण दाबल्यावर कंट्रोलर मामाच्या घरातल्या प्लेस्टेशनला साद घालतो, उत्तर येत नाही, आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःहून बंद होतो. लॅपटॉपच्या पडद्यावर कितीही वेळा क्लिक केले तरी फरक पडत नाही, तो यामुळेच.

आता दिव्याकडे बारकाईने पाहा, कारण या कंट्रोलरवर आतली स्थिती सांगणारे दुसरे काहीच नाही. पुढच्या बाजूच्या पट्टीत, आणि २०१६ नंतरच्या मॉडेलात टचपॅडच्या वरच्या कडेलाही, जो प्रकाश दिसतो त्याचे लुकलुकणे दोन प्रकारचे असते. नुसते पीएस बटण दाबले की दिवा सारख्या अंतराने एकेकदा उघडझाप करतो. याचा अर्थ कंट्रोलर जुन्या जोडीदाराला शोधत आहे. पेअरिंगच्या अवस्थेत मात्र दिवा झपाट्याने दोनदा चमकतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा दोनदा चमकतो. नव्या यंत्राला कंट्रोलर दिसतो तो या दुसऱ्या अवस्थेतच. ‘दिवा लुकलुकतोय, तरी लॅपटॉपला दिसत नाही’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो, आणि बहुतेक वेळा तो दिवा पहिल्या प्रकारे लुकलुकत असतो.

सुरुवात चार्जिंगपासून करा. प्रवासातून आलेल्या कंट्रोलरची बॅटरी पुष्कळदा तळाला गेलेली असते आणि अशा वेळी पेअरिंग अर्ध्यावर तुटते. ड्युअलशॉक ४ मध्ये १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते. निदान अर्धा तास चार्ज केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. चार्जिंग चालू असताना, कंट्रोलर बंद असेल तर, पट्टीत नारिंगी प्रकाश हळूहळू कमी-जास्त होत राहतो. तो दिसला नाही तर आधी केबल बदलून पाहा.

पुढची कृती लॅपटॉपवरची. सेटिंग्जमध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ उघडून यादीतील ‘वायरलेस कंट्रोलर’ या नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘रिमूव्ह डिव्हाइस’ निवडा. ड्युअलशॉक ४ विंडोजमध्ये याच सर्वसाधारण नावाने दिसतो, त्यामुळे भलतेच उपकरण काढले जाणार नाही याकडे लक्ष असू द्या. ही पायरी टाळून चालत नाही, कारण जुनी, निरुपयोगी झालेली किल्ली लॅपटॉपकडे राहिली तर नवे पेअरिंग अडखळते किंवा वरवर यशस्वी होऊन लगेच तुटते. नोंद काढल्यावर लॅपटॉप ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. ब्लूटूथचा ड्रायव्हर खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो तो रीस्टार्ट केल्यावरच.

लॅपटॉप सुरू होईपर्यंत कंट्रोलर रीसेट करून घ्या. त्याच्या पाठीमागे एल२ बटणाच्या बाजूला, स्क्रूजवळ एक बारीक छिद्र आहे. मोबाइलचा सिम ट्रे काढायची पिन त्यात सरळ घालून आतले बटण साधारण पाच सेकंद दाबून ठेवा. बटण दबल्याचे बोटाला जाणवते. जाणवले नाही तर जोर लावू नका, पिनेची दिशा थोडी बदला. स्क्रूचे भोक आणि हे भोक यांत गल्लत होऊ शकते, म्हणून उजेडात पाहून करा.

मग लॅपटॉपवर ‘अ‍ॅड डिव्हाइस’ आणि त्यात ‘ब्लूटूथ’ निवडून शोध चालू ठेवा. कंट्रोलरवर आधी शेअर बटण दाबा आणि ते न सोडता पीएस बटण दाबून दोन्ही धरून ठेवा. हा क्रम पाळावा, कारण पीएस आधी दाबले की कंट्रोलर पुन्हा प्लेस्टेशनच्या शोधाला लागतो. काही सेकंदांत दिव्याची ती दुहेरी चमक सुरू झाली की दोन्ही बटणे सोडा. यादीत ‘वायरलेस कंट्रोलर’ दिसताच त्यावर क्लिक करा. पिन विचारलाच तर चार शून्ये द्या. यादीत बाकी सारे दिसते पण कंट्रोलर दिसत नाही, असे झाले तर त्याच ‘डिव्हायसेस’ पानावर खाली ‘ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी’ ही निवड सापडेल. तिथे ‘डीफॉल्ट’ऐवजी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करून पुन्हा शोधा.

माझ्या अंदाजाने तुमचे काम इथेच होईल. झाले नाही, तर दोष कोणाच्या बाजूला आहे हे ठरवायला घरातला अँड्रॉइड फोन उत्तम. अँड्रॉइड १० पासून पुढच्या आवृत्त्यांना हा कंट्रोलर थेट चालतो. आयफोनवर २०१९ मधल्या आयओएस १३ पासून ही सोय आहे. लॅपटॉपचे ब्लूटूथ बंद ठेवून, त्याच शेअर आणि पीएसच्या पद्धतीने कंट्रोलर फोनला जोडून पाहा. फोनवर तो व्यवस्थित चालला तर कंट्रोलरचा रेडिओ (बिनतारी जोडणी सांभाळणारा भाग), बोर्ड आणि बटणे यांविषयीची शंका तिथेच मिटते आणि लक्ष फक्त लॅपटॉपवर केंद्रित करता येते. एक पथ्य पाळा: चाचणीनंतर कंट्रोलरच्या लक्षात फोन बसलेला असतो, त्यामुळे लॅपटॉपसाठी पेअरिंग पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

दोष लॅपटॉपकडे निघाला तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा, ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवायला सांगा, आणि ब्लूटूथ या गटात फिकट दिसणारी कंट्रोलरची जुनी नोंद असेल तर ती काढून टाका. मग त्याच गटातील ब्लूटूथ अडॅप्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला दिलेली परवानगी काढून घ्या. एवढ्यानेही भागले नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ब्लूटूथ ड्रायव्हर उतरवून बसवा. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर’ देणारी परकी सॉफ्टवेअर कृपया वापरू नका. अशा सॉफ्टवेअरबरोबर नको त्या गोष्टी लॅपटॉपमध्ये शिरतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

कंट्रोलर जोडला जातो पण खेळताना मध्येच तुटतो, ही तक्रार वेगळी आहे आणि तिचे कारण बहुधा आसपासच्या लहरींत असते. ब्लूटूथ आणि जुन्या पद्धतीचे वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि यूएसबी ३ ची उपकरणे व केबली याच पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात मोजमापांसह दाखवले होते. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून पाहा, आणि घरातले वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर घेता येत असेल तर घ्या. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला ब्लूटूथचा छोटा डोंगल लावणाऱ्यांनी तो यूएसबी एक्स्टेन्शन केबलने पुढे, मोकळ्या जागी आणावा; या एका बदलाने फार मोठा फरक पडतो.

याच्या उलट, लॅपटॉप ‘कनेक्टेड’ दाखवतो आणि तरीही गेम दाद देत नाही, असे झाले तर ब्लूटूथच्या मागे लागू नका. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहा. उघडलेल्या खिडकीत कंट्रोलर निवडून ‘प्रॉपर्टीज’मध्ये गेलात की प्रत्येक बटण दाबल्यावर त्याचा गोल उजळतो का, हे दिसते. इथे सारे ठीक असेल तर जोडणी पूर्ण आहे आणि अडचण भाषेची आहे: विंडोजवरचे बहुतेक गेम एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची एक्सइनपुट ही पद्धत अपेक्षित धरतात, ड्युअलशॉक ४ ती बोलत नाही. स्टीमवरून गेम चालवत असाल तर तिथल्या कंट्रोलरच्या सेटिंग्जमध्ये प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू करा. हे भाषांतर स्टीम स्वतः करते.

पुढच्या सुट्टीतही मुलगा मामाकडे खेळणारच, आणि खेळावेच. तिथून आल्यावर दर वेळी लॅपटॉपवरची नोंद काढून नवे पेअरिंग करावे लागेल एवढेच. सरावाने ते दोन मिनिटांचे काम होते आणि मुलाला स्वतःलाच शिकवून ठेवता येते. प्लेस्टेशन ५ सोबतच्या ड्युअलसेन्सला २०२५ मधल्या अद्ययावत आवृत्तीनंतर चार उपकरणे लक्षात ठेवता येतात, ड्युअलशॉक ४ ला ती सोय मिळालेली नाही. मात्र केवळ तेवढ्यासाठी धडधाकट कंट्रोलर बाजूला टाकून नवा घ्यावा, असे मला वाटत नाही.

फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर तो दिसलाच नाही, तर माहितीही वाहून नेणारी चांगली मायक्रो यूएसबी केबल घेऊन तो लॅपटॉपला तारेने जोडा आणि जॉय डॉट सीपीएलच्या त्याच खिडकीत तपासा. पुष्कळ स्वस्त केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात. त्यांनी चार्जिंग होते पण कंट्रोलर ओळखला जात नाही, म्हणून ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर उतरवता येतात तीच वापरा. तारेने बटणे उमटली आणि बिनतारी जोडणी मात्र कुठेच झाली नाही, तर बिघाड रेडिओच्या भागात आहे असे दुरुस्ती करणाऱ्याला नेमके सांगता येईल. दुरुस्तीचा खर्च नव्या कंट्रोलरच्या निम्म्याहून जास्त सांगितला, तर मी तरी तो करणार नाही. लांब केबल घेऊन तारेनेच खेळू देईन, कारण लॅपटॉपवर ड्युअलशॉक ४ तारेनेही तितकाच चांगला चालतो आणि मग चार्जिंगकडेही पाहावे लागत नाही.