नोकरी सांभाळून बेस गिटार वाजवायचीय? आधी एवढं कर

स्लॅप (अंगठा तारेवर आपटून वाजवणं) वगैरे सध्या राहू दे. ऑर्केस्ट्रात गायक ऐनवेळी पट्टी बदलतो, म्हणून गाणं फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या घरांच्या) आकड्यांनी नको, सा-म-पच्या अंतरांनी पाठ कर. मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारांवर विसंबलास की तिथेच अडशील. आणि कान ड्रमरच्या किककडे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमकडे) ठेव, गायक आपलं बघून घेईल!

बॅगेत हवंच:
- ट्यूनर, दोन केबल
- ९ व्होल्टची नवी बॅटरी. अ‍ॅक्टिव्ह बेसला (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) केबल खोचलेली राहिली तर बॅटरी उतरत राहते, मग ऐन कार्यक्रमात आवाज फाटतो.

नवे खरे फसतात ते तारखांत. गणपती-लग्नसराईत ‘हो’ म्हणण्याआधी साउंडचेक किती वाजता, परत कसं यायचं, हे विचार. शेवटची लोकल चुकली तर मानधन रिक्षात जातं. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असेल तर सरळ नाही म्हण. निम्मे पैसे आगाऊ घे.