ताई, एडिटर कुठला घेऊ?

प्रश्न: ताई, मी कोपरखैरण्याचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादाच्या जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम, बॅटरी मेलेली) उबुंटू टाकलंय. प्रोग्रॅम लिहायला मित्रांत एक व्हिम एडिटरवाला, एक इमॅक्सवाला, बाकी सगळे व्हीएस कोडवाले. व्हिमवाल्याने त्याची भलीमोठी व्हिमआरसी (व्हिमची सेटिंग्जची फाइल) दिली. ती टाकल्यापासून कुठलीही फाइल उघडली की आधी लाल अक्षरांत एरर येतात. मी नेमकं काय वापरू?

उत्तर: अरे, आधी ती फाइल बाजूला कर. पुसू नकोस, नाव बदलून ठेव. त्यातल्या निम्म्या ओळी त्याच्याकडच्या प्लगइनना (वरून जोडलेल्या पुरवण्यांना) हाका मारतात, ती प्लगइन तुझ्याकडे नाहीत, म्हणून ही बोंब. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून मित्राला दोष देऊ नकोस.

आता निवडीचं. व्हीआय, म्हणजे व्हिमचा जुना पूर्वज, शिकायचा की नाही, हा प्रश्नच नाही. युनिक्सच्या पॉझिक्स मानकात तो आहे, त्यामुळे उद्या कुठल्याही अनोळखी सर्व्हरवर बसवलं तरी तो किंवा त्याचा एखादा भाऊबंद बहुधा हाताशी असतोच. फाइल उघडणं, चार शब्द बदलणं, सेव्ह करणं, न करता बाहेर पडणं, एवढं यायलाच हवं. रोजचं काम कशात करायचं ते तू ठरव. व्हीएस कोड वाईट नाही, पण तो पोटात क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझर, घेऊन फिरतो. बाजूला ब्राउझर उघडा असला की ४ जीबीत दोघांची मारामारी होणार. तुझ्या लॅपटॉपवर मी व्हिमच ठेवला असता. इमॅक्सवाल्याला माझा नमस्कार सांग. त्याच्या वाटेला जायचं तर एक सुट्टी मोकळी ठेव.

उबुंटूवर सुरुवातीला मिळतो तो व्हिमचा छोटा अवतार. त्यात व्हीआय म्हणून फाइल उघडून टाइप करताना बाणाच्या बटणांनी कर्सर हलायच्या ऐवजी ए, बी, सी, डी उमटतात. कीबोर्ड बिघडलेला नाही. ॲप्टने (उबुंटूवर प्रोग्रॅम बसवणारी कमांड) पूर्ण व्हिम टाक, मग टर्मिनलमध्ये व्हिमट्यूटर लिही आणि अर्धा तास तो सांगेल ते कर. एच, जे, के, एल वापरलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण त्याच चार बटणांवर छापलेले होते, म्हणून ती अक्षरं. तुझ्या कीबोर्डवर वेगळे बाण आहेत, खुशाल वापर.

मग स्वतःची व्हिमआरसी लिही, आणि इथे एक खोडी आहे. ही फाइल नसेल तर व्हिम ८ पासून पुढचे व्हिम आपण होऊन डिफॉल्ट्स डॉट व्हिम वाचतात, त्यामुळे रंग वगैरे आयते मिळतात. तू व्हिमआरसी बनवलीस, अगदी रिकामी का असेना, की हे वाचणं बंद. म्हणून पहिल्या ओळीत डिफॉल्ट्स डॉट व्हिम सोर्स करून, म्हणजे वाचायला लावून, घे. नेमकी ओळ व्हिमच्या हेल्पमध्ये त्याच नावाखाली दिली आहे. त्याखाली ओळींचे नंबर, शोधताना लहानमोठी अक्षरं एकच धरणं, आणि पायथनसाठी टॅबऐवजी चार स्पेस. बस. पहिली ओळ गाळलीस तर काय होईल सांगते. मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेकला दिलेल्या सूचनांची फाइल) कमांडच्या आधी खरा टॅबच लागतो. व्हिमला फाइलचा प्रकार ओळखू दिला तर तो तिथे स्पेसचा नियम स्वतःहून मागे घेतो. ओळखू दिला नाही, तर टॅबच्या जागी स्पेस पडतात आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे संध्याकाळ जाते.

बॅटरी मेलेली आहे म्हणतोस, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉपही गेला. घाबरू नकोस. व्हिम दर २०० अक्षरांनंतर, किंवा हात ४ सेकंद थांबला की, स्वॅप फाइल, म्हणजे तुझ्या बदलांची तात्पुरती नोंद, डिस्कवर लिहितो. लाइट आल्यावर व्हिमला डॅश आर आणि फाइलचं नाव दे. परत आलेला मजकूर तपासून सेव्ह कर आणि जुनी स्वॅप फाइल काढून टाक, नाहीतर प्रत्येक वेळी तीच सूचना समोर येत राहील.

प्रश्न: ताई, नमस्कार. नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. घरच्या पुस्तकांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये करतोय. टर्मिनलमध्ये मराठी लिहिलं की वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शिवाय ‘दऱ्या’ शोधलं तर काही नोंदी सापडतात, काही डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत.

उत्तर: काका, टर्मिनलचा पडदा चौकटींचा आणि एका चौकटीत एक अक्षर असा त्याचा हिशेब. आपली जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. यादीसाठी केट किंवा जीएडिट हे टर्मिनलबाहेर स्वतःच्या खिडकीत उघडणारे एडिटर घ्या, मराठी नीट दिसेल. व्हिममध्ये आणखी एक ताप: कीबोर्ड मराठीवर राहिला की त्याला आज्ञाच कळत नाहीत. ग्राफिकल इमॅक्स इथे बाजी मारतो. त्यात देवनागरी इनस्क्रिप्ट (कीबोर्डची मांडणी) आतच आहे, कंट्रोल आणि बॅकस्लॅशने चालू-बंद होतं, आणि मजकूर मराठीत चालू असताना कंट्रोलच्या आज्ञा इंग्रजीच राहतात.

‘दऱ्या’चं दुखणं एडिटरचं नाही. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, शोधताना मात्र अनोळखी. खात्री करायची तर व्हिममध्ये त्या अक्षरावर कर्सर नेऊन जी आणि ए दाबा. खाली ०९३१ दिसलं तर नुक्त्याचा, ०९३० दिसलं तर साधा. तुम्ही नुक्त्याचाच धरा. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट आणि जे या बटणांवर आहे. मग दुसऱ्या रूपातला एखादा शब्द फाइलमधून उचला, केटच्या शोधा-आणि-बदलामध्ये चिकटवा आणि सगळ्या नोंदी एकदाच बदलून घ्या. आधी फाइलची एक प्रत काढून ठेवा.

प्रश्न: मॅडम, महापेला सर्व्हर सांभाळते. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) एडिट करायला गेलं की एका सर्व्हरवर नॅनो उघडतो, दुसऱ्यावर व्हीआय. व्हीआयमध्ये तर स्क्रीनच गोठते. परवा ठाण्याला परतताना गाडीतून काम करत होते, कनेक्शन तुटलं, अर्धवट बदल गेले.

उत्तर: एडिटर आणि व्हिज्युअल ही दोन्ही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स आवडत्या एडिटरचं नाव देऊन तुमच्या बॅशआरसीत (बॅश शेलची सेटिंग्जची फाइल) एक्स्पोर्ट करून ठेवा. क्रॉनटॅब आणि गिट दोन्ही त्यांचं ऐकतात. सिस्टिमच्या फाइलींसाठी सुडो (रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, हक्क देणारी कमांड) लावून एडिटर उघडू नका, सुडोएडिट वापरा. तो तुम्हाला प्रत उघडून देतो आणि सेव्ह केल्यावर मूळ जागी ठेवतो, एडिटर रूटच्या हक्कांनी चालत नाही.

गोठण्याचं कारण बहुतेक कंट्रोल-एस. विंडोजच्या सवयीने सेव्ह करायला बोट तिथे जातं आणि जुन्या टर्मिनलच्या रिवाजाप्रमाणे पडदा थांबतो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. गाडीतून काम करायचंच असेल तर सर्व्हरवर आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी तिथलं टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा. वाटेत ऐरोलीला नेटवर्क गेलं तरी तिकडे एडिटर उघडाच राहतो, पुन्हा लॉगिन करून अटॅच करा.

एक न विचारलेलं. क्रॉनटॅबला डॅश ई म्हणजे एडिट आणि डॅश आर म्हणजे अख्खा क्रॉनटॅब साफ, बहुतेक ठिकाणी न विचारता. ई आणि आर कीबोर्डवर शेजारी. हलत्या गाडीत तरी हात लावण्याआधी डॅश एलचं आउटपुट एका फाइलमध्ये घेऊन ठेवा.