फायबरचा सिलिंडर ठोकून त्याची ताकद कळते का?

लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात बीए सेटचा (पाठीवर घेऊन श्वास घ्यायच्या हवेच्या संचाचा) कार्बन फायबरचा सिलिंडर जिन्यावरून पडला, वरून ओरखडाही दिसत नाही, तर ठोकून आवाजावरून कळेल का, असं तुम्ही विचारलंय.

ठोकून नाही. फणस थापटून पिकलाय का ते कळतं, होडीच्या फायबरवर नाण्याने टकटक केली की थर सुटलेली जागा बद्द वाजते. पण ताकद जोखायची तर सिलिंडरला ताण देऊन तो स्वतः काय बोलतो ते ऐकावं लागतं. काथ्याचा दोर तुटण्याआधी एकेक पेड करकरतो ना, तसंच.

याला अकॉस्टिक एमिशन म्हणतात. टेस्टिंगमध्ये होतो तेव्हा आम्ही नुसतं एई म्हणायचो. सिलिंडरात पाणी भरून दाब हळूहळू चढवायचा. हवा नाही, कारण फुटला तर हवा सगळं घेऊन उडते. अंगावर ग्रीस लावून बसवलेले सेन्सर साधारण १५० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतात. आपला कान २० च्या पुढे बहिरा. सेन्सर नीट बसलाय का ते बघायला त्याच्याशेजारी पेन्सिलीचं ०.५ मिमीचं शिसं मोडतात. खरंच, स्टेशनरीच्या दुकानातलं.

आता खरी गंमत. योसेफ कायझर यांनी १९५० मध्ये दाखवलं की धातूने एकदा सोसलेल्या ताणापर्यंत तो पुन्हा गप्प राहतो. फायबरमध्ये हे तंतोतंत होत नाही, आणि तेच उपयोगी पडतं. समजा मागे ४५० बारपर्यंत नेला होता. धड सिलिंडर आज त्याच्या जवळ जाईपर्यंत गप्प असतो. ४०० लाच कुरकुरला तर गुणोत्तर ०.८९, मधल्या काळात त्याला काहीतरी लागलंय. दाब स्थिर धरल्यावरही बोलतच राहिला तर जास्त वाईट. हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची नेहमीची टेस्ट, पास म्हणजे फुगला, आकसला, आज फुटला नाही. आत काय मोडलं ते त्यात दिसेलच असं नाही. मात्र नेमका किती बारला फुटेल हे एईही सांगत नाही. त्यासाठी त्याच बनावटीचे काही सिलिंडर फोडून ताळा बसवावा लागतो.

आणि पावसाळ्यात जपून. एकदा जुलैत आमच्या शेडचा पत्रा गळत होता, थेंब सिलिंडरवर टपकत होते, त्यांचा आवाज आम्हाला सिलिंडरचाच वाटला आणि आम्ही तो बाद करायला निघालो होतो.

तुमचा सिलिंडर आज रिकामा करून बाजूला ठेवा, 'पडलेला' अशी चिठ्ठी लावा, अधिकृत टेस्ट सेंटरला तसं सांगूनच पाठवा. तोवर भरू नका.