एसएच२ पासून सुरुवात करताय? मग एवढं सांभाळा

एसएच२ म्हणजे फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनला (फॉस्फोटायरोसिनला) धरणारा प्रथिनाचा एक भाग, म्हणजे डोमेन. असे सगळे डोमेन एकदम नकोत. सार्क (Src) या प्रथिनाचा एसएच२ घ्या: साधारण १०० अमिनो आम्लं, दोन खाचा. पहिल्या खाचेतलं आर्जिनिन १७५ टायरोसिनवरचा फॉस्फेट पकडतं. दुसरीत त्या टायरोसिनच्या पुढे तिसऱ्या जागेवरचं आयसोल्युसिन बसतं. फॉस्फोसेरीन (फॉस्फेट लागलेलं सेरीन) आखूड, पहिल्या खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- फॉस्फोटायरोसिनची नक्कल म्हणून ऋण प्रभाराचं ग्लुटामेट घालणं. एसएच२ फसत नाही.
- जीएसटी टॅग (प्रथिन शुद्ध करायला जोडलेलं शेपूट-प्रथिन) तसाच ठेवणं. जीएसटीची जोडी जमते, दोन एसएच२ एकदम धरतात आणि बंध खोटा घट्ट दिसतो. टॅग कापाच.
- पेशींच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या द्रवात) फॉस्फेटेज रोखणारं व्हॅनाडेट विसरणं. १ मिलिमोलर घाला, नाहीतर फॉस्फेटेज ही विकरं फॉस्फेट काढून टाकतात. ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) मात्र टाळा, तो व्हॅनाडेटलाच निकामी करतो.

केडी (बंध किती घट्ट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका बंध घट्ट) मोजताना प्रथिनाची तीव्रता अपेक्षित केडीच्या दशांशापासून दसपटीपर्यंत न्या. ग्रब२ (एसएच२ असलेलं दुसरं प्रथिन) नंतर बघू.