सारखं मुखपृष्ठ, वेगळ्या रेकॉर्डी

प्रश्न : काकांच्या संग्रहात कलोसियम या ब्रिटिश बँडच्या दोन एलपी सापडल्या, 'व्हॅलेन्टाइन स्वीट' आणि 'द ग्रास इज ग्रीनर'. मुखपृष्ठं जवळपास सारखी, गाण्यांची नावंही बरीचशी तीच. एकच रेकॉर्ड दोन नावांनी निघाली का? यांचा सॅक्सोफोनवाला एका वेळी दोन सॅक्स वाजवायचा, हे खरं का? पहिली एलपी फार करकरते, दुसरीला थोडा बाकही आलाय. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही जपून ठेवा, त्या वेगळ्या आहेत. 'व्हॅलेन्टाइन स्वीट' १९६९ची, व्हर्टिगो या ब्रिटिश रेकॉर्ड-लेबलची पहिलीच एलपी. तिची दुसरी बाजू म्हणजे तीन भागांची एकच सलग रचना. 'द ग्रास इज ग्रीनर' १९७०मध्ये अमेरिकेसाठी निघाली. तोवर गिटारवर जेम्स लिदरलँडच्या जागी क्लेम क्लेम्पसन आला होता. त्या तीन भागांच्या रचनेचा फक्त शेवटचा भाग तिच्यात आहे, शिवाय 'बोलेरो'सारख्या गोष्टी ब्रिटिश एलपीत नाहीत. आधी ब्रिटिश एलपीची दुसरी बाजू ऐका, मधे सुई उचलू नका. डेव्ह ग्रीनस्लेडचा ऑर्गन आणि जॉन हाइसमनचे ड्रम हळूहळू कसे चढत जातात, ते तुकड्यातुकड्याने ऐकून कळत नाही.

दोन सॅक्सचं खरं आहे. डिक हेकस्टॉल-स्मिथ टेनर (खालच्या सुरांचा मोठा) आणि सोप्रानो (वरच्या सुरांचा छोटा) असे दोन सॅक्स एकदम तोंडात धरायचा. अमेरिकेत रोलँड कर्क हे आधीपासून करत होता. दोन्ही वाद्यं बी-फ्लॅटची, म्हणजे एकाच स्वरावर बांधलेली, त्यामुळे एकच सूर धरला की सप्तकाच्या अंतराने दोन ऐकू येतात. पण एका वाद्याला एकच हात मिळतो आणि सॅक्सच्या कळा दोन हातांसाठी बनवलेल्या. म्हणून लांब तान जमत नाही, छोटी, ठसकेबाज वाक्यंच वाजतात. ओठांच्या कडेने हवा सुटली की सूर लगेच पडतो.

पहिल्या खेपेस बँड १९६८ ते १९७१ एवढाच टिकला, १९९४मध्ये तो पुन्हा जमला. माणसं सतत बदलली. १९७१मध्ये बँड मोडल्यावर क्लेम्पसन 'हंबल पाय' या बँडमध्ये गेला. १९७१ची दुहेरी 'कलोसियम लाइव्ह' मिळाली तर सोडू नका. ख्रिस फार्लोचा आवाज आणि बँडची खरी ताकद, दोन्ही तिच्यात आहेत.

आता धुणं. बोअरचं पाणी नको, सुकल्यावर त्यातले क्षार खोबणीत बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर घ्या, त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब. मायक्रोफायबरने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल कोरडं राहू द्या. नंतर साबण पूर्ण जाईपर्यंत नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी वाळवा. आपला सोलापुरी टॉवेल इथे वापरू नका, त्याची लव सुईखाली गोळा होते. सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम ठेवा. मात्र कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

बाक थोडाच असेल तर एलपी पातळ कागदी पाकिटात घालून दोन जाड काचांमध्ये सपाट ठेवा, वर सारखं वजन द्या आणि पंधरा दिवस हात लावू नका. उन्हात किंवा इस्त्रीने सरळ करायला जाल तर खोबणीच वितळेल. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर तर एकही एलपी ठेवू नका. त्या उभ्याच ठेवा, एकमेकींना रेलून नव्हे.